टाकी, पन्हळ, पंप, कुंडी... जुन्या घरासाठी साईज कुठला घ्यावा? (पावसाआधी उत्तर हवंय!)

प्रियोळची_परत
१४ मे, रात्री १०.५२

नमस्कार मंडळी. पुण्यात सतरा वर्षं काढून आम्ही गोव्यात प्रियोळला सासऱ्यांच्या जुन्या घरात परत आलोय, आता कायमचे. घर चिऱ्याचं, वर मंगळुरी कौलं, मागे न्हाणी आणि स्वयंपाकघरावर तेवढा स्लॅब. पुढे अंगणात तुळस, मागे बांय (विहीर) आणि पंधराएक माडांचं छोटंसं भाट (बाग). माणसं चार, आणि पाचव्या सासूबाई ज्या सहा महिने मडगावला नणंदेकडे असतात.

तर पावसाआधी बऱ्याच वस्तू घ्यायच्यात आणि कुठल्याही दुकानात गेलं की पहिला प्रश्न "साईज कुठला?" आणि मी गप्प. टाकी १००० ची की २००० ची, पन्हळ ४ इंची की ६ इंची, पंप अर्धा एचपी की एक, हॉलला पंखा केवढा, कुंड्या केवढ्या. पुण्यात फ्लॅटमध्ये हे सगळं बिल्डरने ठरवलेलं होतं, आपण फक्त पडद्यांचं माप घ्यायचो आणि तेही चुकायचं. आमच्या ह्यांचं एकच उत्तर, मोठंच घेऊन टाकू, पुढे लागेल. दुकानदाराचंही हेच उत्तर आहे पण त्याचं कारण वेगळं असणार एवढं मला कळतं.

कृपया सांगा. पाऊस यायला तीन आठवडे पण नाहीत.

निवृत्त_नळवाला
१५ मे, सकाळी ६.१०

तीस वर्षं नळकाम केलं, आता गुडघ्यांमुळे फक्त सल्ले देतो, ते फुकट.

टाकीचं बघा. सरकारी हिशोबात शहरात माणसामागे दिवसाला १३५ लिटर धरतात. पाच माणसं म्हणजे ६७५. म्हणजे १००० च्या टाकीत दीड दिवस निघतो. तुमच्याकडे नळ आहे ना? आणि वर बांय आहे. ज्याच्या दारात बांय आहे त्याने २००० ची टाकी कशाला घ्यायची, बांय हीच त्याची टाकी. फ्लॅटवाल्याचं वेगळं, त्याला ओपा प्रकल्पाचं नळाचं पाणी दोन दिवस आलं नाही की टँकर.

दुसरं म्हणजे वजन. एक लिटर म्हणजे एक किलो. २००० लिटर म्हणजे दोन टन, स्वयंपाकघराच्या डोक्यावर दोन मोटारी उभ्या केल्यासारखं. तुमचा स्लॅब किती जुना आणि आतल्या सळ्या किती गंजल्यात हे तुम्हाला माहीत आहे का? १००० ची पण स्लॅबच्या मधोमध ठेवू नका, खाली भिंती जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर ठेवा, आणि बूड सगळं टेकलं पाहिजे, चार चिरे मांडून वर टाकी असला प्रकार नको.

मला विचाराल तर ५०० च्या दोन घ्या. एक धुवायला काढली की दुसरी चालू. आणि वर चढवायला सोप्या.

प्रियोळची_परत
१५ मे, दुपारी १.३०

काका, तुमचं वाचायला उशीर झाला. ह्यांनी आज सकाळीच १००० ची आणली, ऑफर होती म्हणून. २००० ची नाही आणली हे नशीब समजते.

पण ती आता पडवीत बसलीये. मागच्या जिन्याची रुंदी ७५ सेंटीमीटर आणि टाकी आडवी एक मीटरच्या वर. उभी करून बघितली, तिरकी करून बघितली, झाकण काढून बघितलं (झाकणाने काय फरक पडणार होता ते विचारू नका).

टेपवाला
१५ मे, दुपारी १.४४

म्हणून मी सगळ्यांना सांगतो, पहिलं माप जागेचं नाही, रस्त्याचं. वस्तू जिथे ठेवायची ती जागा सगळे मोजतात, ती तिथपर्यंत जाते कुठून ते कोणीच मोजत नाही. आमच्याकडे तीन दारी कपाट दोन वर्षं सोप्याजवळ उभं होतं, पाहुण्यांना वाटायचं फॅशन आहे.

मडगावची_माई
१५ मे, दुपारी २.०५

तांदूळ भरून ठेव गं त्यात. टाकी वाया नको जायला.

निवृत्त_नळवाला
१५ मे, संध्याकाळी ७.२०

रिकामी टाकी पंचवीस-तीस किलोच्या वर नसते. जिना सोडा, बाहेरून घ्या. दोन बांबू भिंतीला तिरके लावायचे, टाकीला दोन फेर दोर, वरून दोघांनी ओढायचं आणि खालून एकाने नुसतं सरळ धरायचं. तुमच्या भाटात नारळ काढायला जो पाडेली येतो त्यालाच सांगा, दोराची गाठ त्याच्यासारखी कोणाला येत नाही. पाऊस पडायच्या आधी करा, ओल्या बांबूवर नको.

वाळपईकर_पावसातला
१६ मे, रात्री ९.१५

पन्हळीवर मी बोलतो कारण आमच्या सत्तरी तालुक्यात पाऊस म्हणजे काय ते आम्हाला विचारा, तुमच्या प्रियोळपेक्षा घाटाजवळ जास्तच पडतो.

हिशोब एकदम सोपा आहे, शाळेतला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आता तुमच्या घराची लांबी रुंदी किती? समजा १० बाय ९ मीटर, म्हणजे ९० चौ. मी. हे माप जमिनीवरचं घ्यायचं, कौलाच्या उताराचं नाही, कारण पाऊस वरून पडतो आणि छप्पर तिरकं असलं म्हणून जास्त पाऊस पकडत नाही (वारा असेल तर थोडं इकडेतिकडे, ते सोडा). अर्धं पाणी पुढच्या पन्हळीत, अर्धं मागच्या. म्हणजे एका पन्हळीला ४५ चौ. मी.

आता जुलैतली सर आठवा, ज्या सरीत समोरचं घर दिसत नाही. ती तासभर टिकत नाही पण जोर तासाला १०० मिमीचा धरायचा. ४५ गुणिले १०० म्हणजे तासाला ४५०० लिटर, म्हणजे मिनिटाला ७५. पंधरा लिटरच्या बादल्या धरल्या तर मिनिटाला पाच बादल्या, एका बाजूच्या पन्हळीत, सर थांबेपर्यंत. आता चार इंची पन्हळ डोळ्यासमोर आणा आणि तिच्यात मिनिटाला पाच बादल्या ओता.

म्हणून सहा इंची. वर्षभराच्या पावसाच्या सरासरीवर पन्हळ कोणी घेत नाही, सगळ्यात वाईट दहा मिनिटांवर घ्यायची. आणि खाली उतरणारा पाइप विसरू नका, लोक पन्हळ सहा इंची घेतात आणि पाइप ७५ मिमीचा लावतात. ७५ आणि ११० मध्ये फरक दीडपट दिसतो पण तोंडाचं क्षेत्रफळ दुपटीच्या वर जातं, कारण व्यासाचा वर्ग होतो. ११० चा लावा, आणि पन्हळ लांब असेल तर दोन्ही टोकांना एकेक. उतार मीटरला अर्धा सेंटीमीटर तरी द्या. घराला लागून फणस किंवा जांभूळ असेल तर मे अखेरीला स्वतः शिडी लावून पानं काढा, साईज कितीही मोठा असला तरी जांभळाच्या पानापुढे काही चालत नाही.

मोठंच_बरं
१६ मे, रात्री १०.०२

मग हेच तर मी म्हणतो!! पन्हळ मोठी, पाइप मोठा. टाकी पण मोठी, पंप पण मोठा, एसी पण मोठा. छोटं घेऊन पश्चात्ताप झालेले शंभर सापडतील, मोठं घेऊन झालेला एक दाखवा.

पणजीतली_एक
१६ मे, रात्री १०.३८

मी. हात वर.

बेडरूम बारा बाय अकरा फूट. एसीवाला म्हणाला समुद्र जवळ आहे, उकाडा आहे, दोन टनाचा घ्या, मस्त थंड होईल. थंड झाली, पाच मिनिटांत. आणि पाच मिनिटांत कंप्रेसर बंद. परत सुरू, परत बंद. खोली गार पण अंगाला चिकचिक तशीच, चादरी दमट, आणि ऑगस्टमध्ये कपाट उघडलं तर चामड्याच्या पर्सवर हिरवी बुरशी. मला वाटलं मशीनच खराब आहे. दुसऱ्या मेकॅनिकने सांगितलं की हवेतला ओलावा काढायला कॉईलवरून हवा बराच वेळ फिरावी लागते, तुमचं मशीन तेवढा वेळ चालतच नाही. एवढ्या खोलीला एक टन पुरे होता, फार तर पश्चिमेची भिंत तापते म्हणून सव्वा-दीड.

(टन म्हणजे मशीनचं वजन असं मला लग्नापर्यंत वाटायचं. ते एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते त्याचं माप आहे.)

टेपवाला
१७ मे, सकाळी ८.००

हे बरं झालं बोललात. मला वाटतं भांडण मोठं-छोटंचं नाहीच आहे. ज्यातून पाणी किंवा वीज नुसती वाहून जाते, पन्हळ, पाइप, वायर, ते एक साईज मोठं घेतलं तर पाचपन्नास रुपये जास्त जातात, बाकी काही बिघडत नाही. पण ज्यात काहीतरी साठून राहतं नाहीतर जे चालू-बंद होतं ते मोठं घेतलं की रडायची पाळी. एसी, पंप, कुंडी, आणि मी तर म्हणतो फ्रीज सुद्धा, कारण मोठ्या फ्रीजमध्ये परवाची आमटी मागे ढकलली जाते आणि आठवड्याने सापडते.

मोठंच_बरं
१७ मे, सकाळी ८.२०

कुंडी मोठी घेतली तर काय बिघडतं? झाड खुश होतं!

अबोली_आणि_मी
१७ मे, सकाळी ११.४५

नाही होत हो दादा. गच्चीवर दहा वर्षं कुंड्या सांभाळतेय, म्हणून सांगते.

छोटं रोप मोठ्या कुंडीत लावलं की मुळं असतात मूठभर आणि माती असते बादलीभर. मुळं जेवढं पाणी पितात ते सोडून बाकीची माती ओलीच राहते. पुण्यात, सोलापुरात चालून जाईल. इथे जून ते सप्टेंबर ऊन कधी पडणार ते देवाला ठाऊक, माती आंबट वास मारायला लागते आणि रोप खालून कुजतं. वरून पानं पिवळी पडतात म्हणून माणूस अजून पाणी घालतो, झालं कल्याण.

आणि कुंडीचं माप फसवं असतं. सहा इंची कुंडीत पावणेतीन-तीन लिटर माती बसते. बारा इंचीत किती? दुप्पट नाही, जवळजवळ बावीस लिटर. लांबी रुंदी उंची तिन्ही दुप्पट, म्हणजे आठपट. मी पहिल्या वर्षी बारा इंची वीस कुंड्या आणल्या आणि माती विकत आणता आणता दमले. ओली झाली की एकेक तीस किलोच्या वर. गच्चीवर वीस कुंड्या म्हणजे सहाशे किलो, नळवाले काका ओरडतील.

मी काय करते: रोप चार इंचीतून सहात, सहातून आठात, तिथून बारात. मुळं खालच्या भोकातून डोकावली की बदलायची. मिरचीला, वांग्याला शेवटी बारा इंची लागतेच. तुळशीला दहा पुरते. कढीपत्ता आणि लिंबाला अठरा तरी. तांबड्या भाजीला मात्र खोली नको, पसरट पाहिजे, सहा-आठ इंच खोल कुठलाही टब चालतो, मी जुन्या फिश टँकवाल्या थर्माकोलच्या पेटीत करते. अबोली आठ-दहा इंचीत सुखाने राहते.

ताई तुमच्याकडे तर जमीन आहे, कुंड्या कशाला? परसूत लावा की.

प्रियोळची_परत
१७ मे, दुपारी ३.१५

परसूत सासूबाईंची सत्ता आहे. मला कुंड्याच.

बरं, पंपाचं कोणीतरी सांगा. बांय जमिनीपासून साधारण साडेनऊ मीटर खोल (मेस्त म्हणजे मिस्त्री म्हणाला सहा परस, मी दोर सोडून मोजलं). आत्ता मे मध्ये पाणी जवळजवळ साडेआठ मीटर खाली आहे. शेजाऱ्यांनी त्यांचा जुना एक एचपीचा पंप देऊ केलाय, काठावर बसवायचा.

निवृत्त_नळवाला
१७ मे, संध्याकाळी ७.०५

घेऊ नका. फुकट दिला तरी घेऊ नका.

काठावर बसणारा पंप पाणी वर ओढतो म्हणजे खरं तर ओढत नाही, तो पाइपमधली हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. हवेच्या दाबाची ताकद दहा मीटरच्या जरा वर संपते, तीही पुस्तकात. प्रत्यक्षात सहा-सात मीटरनंतर पंप नुसता गुरगुरतो. एक एचपी काय पाच एचपी आणा, साडेआठ मीटरवरून काठावरचा पंप पाणी ओढणार नाही. जूनमध्ये पाणी वर आलं की तोच पंप चालेल आणि तुम्हाला वाटेल दुरुस्त झाला. पुढच्या एप्रिलला परत बंद. असल्या पंपाच्या दुरुस्तीला मी अर्धं आयुष्य घालवलंय, पंप चांगला असायचा आणि जागा चुकीची असायची.

तुम्हाला पाण्यात बुडणारा ओपनवेल पंप पाहिजे. आता उंची मोजा. पाण्याची पातळी ८.५ खाली, टाकीचं तोंड जमिनीपासून समजा ५ मीटर वर, पाइपातलं घर्षण म्हणून दीड-दोन धरा. १५-१६ मीटर हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, झालं. अर्ध्या एचपीच्या पंपाला हे जमतं, मिनिटाला तीस-चाळीस लिटर तरी देतो, म्हणजे १००० लिटर अर्ध्या तासात. डब्यावरच्या "कमाल हेड" वर जाऊ नका, त्या उंचीला पाणी शून्य येतं. आत तक्ता असतो, त्यात १६ मीटरसमोर काय लिहिलंय ते बघा.

एक एचपी घेतला तर काय होईल? मे मध्ये तुमच्या बांयत एक मीटर पाणी. मोठा पंप ते झरे भरायच्या आत उपसून टाकणार, तळाचा गाळ ओढणार आणि कोरडा फिरणार. बांय जेवढं देते तेवढंच घ्यायचं असतं.

मोठंच_बरं
१७ मे, संध्याकाळी ७.३०

पण काका टाकीपासून शॉवरपर्यंत पाइप मोठा टाकला तर प्रेशर वाढतं ना? का तेही खोटं?

निवृत्त_नळवाला
१७ मे, संध्याकाळी ७.४८

अर्धं खोटं. प्रेशर उंचीने येतं. दहा मीटर उंचीला एक बार, म्हणजे टाकी शॉवरच्या तीन मीटर वर असेल तर ०.३ बार, पाइप सोन्याचा टाकला तरी. पाणी वाहायला लागलं की बारीक पाइपात थोडा दाब खर्ची पडतो तो जाड पाइपाने वाचतो, तेवढंच. म्हणून टाकीपासून निघताना एक इंची, आणि शेवटी नळाला अर्धा. शॉवर नको असेल तर न्हाणीतलं पाण्याचं भाण आहेच. लोट्याला प्रेशर लागत नाही.

कुळागरातला
१८ मे, सकाळी ५.५०

सावईवेऱ्यात आमचं कुळागर (माड-पोफळीची बाग) आहे. पंप, पन्हळ झालं, आता माडाचं. ताईंनी पंधरा माड लिहिलेत. त्यातले पडलेले भरून काढायला नवीन लावणार असाल तर अंतर बघा, कारण इथली माणसं रिकामी जागा दिसली की माड खोचतात.

माडामाडात साडेसात मीटर. हे अंतर बघताना उगाच सोडल्यासारखं वाटतं कारण रोप गुडघ्याएवढं असतं. पण झावळी पाच मीटरच्या आसपास जाते, दोन माडांच्या झावळ्या मधे गळ्यात गळा घालतात. दाट लावले की माड उजेडाकडे वाकडे जातात, उंच होतात आणि नारळ कमी. मधल्या जागेत केळी, मिरवेल, जायफळ, काय पाहिजे ते घाला. सुपारीला मात्र २.७ मीटर पुरतात. आंब्याचं मानकुराद कलम असेल तर दहा मीटर, आणि घरापासून पण तेवढंच लांब, आमच्या आजोबांनी कौतुकाने पडवीला लागून लावला, आता दरवर्षी मे मध्ये आंबे आणि कौलं एकदम मोजतो.

खड्डा. बाकी ठिकाणी एक मीटर लांब, रुंद, खोल असं सांगतात. आपल्याकडे खाली चिरा लागतो, तिथे १.२ मीटर करायचा. फूटभर उकरून रोप ठेवलं तर मुळं कुंडीत अडकल्यासारखी चिऱ्यात अडकतात, वरच्या ताई कुंडीबद्दल बोलल्या त्याचं उलटं. आणि खड्ड्याच्या तळाला दोन किलो जाडं मीठ टाकायचं, लावायच्या सहा महिने आधी, तळचा चिरा मऊ पडतो. म्हणजे यंदाचा पाऊस गेलाच तुमचा, दिवाळीनंतर खड्डे काढून मीठ टाका आणि पुढच्या वर्षी लावा. भरताना खड्डा वरपर्यंत भरायचा नाही, अर्धा भरून रोप आत बसवायचं, मग माड वाढेल तसं वर्षावर्षाला माती ओढायची. पावसात त्यात पाणी साचू देऊ नका. रोप बाणावलीचं घ्या, विभागीय कृषी कार्यालयात आधी चौकशी करा.

पेडण्यातून
१८ मे, सकाळी ९.३०

मीठ?? माडाला मीठ चालतं? आमच्याकडे खाऱ्या पाण्याने भात गेलं.

कुळागरातला
१८ मे, रात्री ८.१५

भात वेगळं, माड वेगळा. माड दर्याकाठचाच जीव. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीच्या, बांधावर उभा असतो बघा.

टेपवाला
१९ मे, सकाळी ७.४०

राहिलेलं पटापट.

पंखा: बारा बाय बाराच्या खोलीपर्यंत १२०० मिमीचा. हॉल मोठा असेल तर १४०० चा एक, नाहीतर लांबट हॉलला १२०० चे दोन, दोनच बरे. पण तुमचं कौलारू घर, वासे चौदा फुटांवर असणार, तिथे पंखा टांगून खाली वारा येत नाही आणि लोक म्हणतात पंखा छोटा पडला. दांडा लांब घ्या, पाती जमिनीपासून आठ-नऊ फुटांवर आली पाहिजेत.

इन्व्हर्टर: १५० एएचची (अँपिअर-तास) बॅटरी १२ व्होल्टची, गुणाकार १८०० वॅट-तास, हातात धरा १३००. साधे तीन पंखे ७५ वॅटचे आणि पाच एलईडी, मिळून पावणेतीनशे वॅट. पावणेपाच तास निघतात. तेच कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे घेतले, तिसेक वॅटचे, तर नऊ तासांच्या वर. म्हणजे मोठी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला. त्यावर पंप लावू नका, सुरू होताना कितीतरी पट करंट ओढतो.

पडदे: दांड्याच्या दीडपट ते दुप्पट कापड. ताईंचं का चुकलं ते कळलं असेल.

प्रियोळची_परत
२४ मे, रात्री ९.२०

टाकी चढली!! पाडेली आला, बांबू बघितले, हसला, आणि एक बांबू काढून टाकायला लावला. एकावरच टाकी घरंगळत नेली, दोर त्याने स्वतः बांधला, आमचे हे खाली "सावकाश, सावकाश" म्हणायला. सात मिनिटं. ह्यांचं मत आहे की सावकाश म्हणाल्यामुळेच झालं.

पंप अर्ध्या एचपीचा ओपनवेल घेतला. दुकानदाराने एक एचपीच दाखवला, मी तक्ता मागितला, मग तो आत गेला आणि बराच वेळ आला नाही. पन्हळ सहा इंची, दोन्ही टोकांना ११० चे पाइप.

शंका_काढे
२५ मे, सकाळी १०.१०

चांगलं झालं, पण ते पाइपचं पाणी सोडणार कुठे? त्याचा साईज कोणी काढला का? गोव्यात वर्षाला तीन हजार मिमीच्या आसपास पाऊस. ९० चौ. मी. छप्पर. गुणाकार करा, २ लाख ७० हजार लिटर. तुमच्या टाक्या २७० भरतील. एवढं पाणी अंगणात तुळशीपाशी सोडणार?

वाळपईकर_पावसातला
२५ मे, दुपारी १२.३०

बरोबर पकडलंत, मी विसरलो. मागच्या बाजूचं पाणी बांयत सोडा, म्हणजे मे मधला तो एक मीटर थोडा तरी वाढेल. थेट नाही, मधे खडी, वाळू, कोळशाची टाकी करून. पहिले आठ दिवस बाहेर जाऊ द्या, कौलांवर वर्षभराची धूळ आणि पाखरांची घाण असते. ती गाळणी छोटी केलीत तर तुंबून वरून वाहणार, तेव्हा तिच्या वरच्या अंगाला ओव्हरफ्लोचा पाइप ठेवा आणि तो पण ११० चाच. आणि पुढच्या बाजूचं पाणी घसरून तुळशीच्या मुळाशी जात नाही ना ते बघा, दगडी गटार करून भाटात न्या.

प्रियोळची_परत
२१ जून, सकाळी ७.३५

काल रात्री ती सर आली. ती, समोरचं घर न दिसणारी. आम्ही दोघं बॅटरी घेऊन पडवीत. पन्हळ काठोकाठ भरली पण सांडली नाही, एका सांध्यातून थेंब थेंब येतंय तेवढंच. चार इंची घेतली असती तर सोप्यावर बसून आंघोळ झाली असती.

फजिती दुसरीकडे झाली. मी अबोलीताईंचं वाचून सुद्धा नर्सरीत मोह आवरला नाही आणि मिरचीची चार पानांची रोपं थेट बारा इंचीत लावली, आठ. पाच गेली. वास येतो म्हणाल्या होतात तसाच येतोय.

अबोली_आणि_मी
२१ जून, सकाळी ९.००

उरलेली तीन आजच काढ, छोट्या कुंडीत घाल आणि पागोळ्या पडणार नाहीत अशा वळचणीला ठेव. पाणी आठ दिवस नाही. पाच गेली त्याचं वाईट वाटून घेऊ नको, माझे पहिल्या वर्षी दोन लिंबू आणि एक गुलाब.

प्रियोळची_परत
१९ ऑगस्ट, रात्री ८.४०

परत मीच. चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली आणि एक माप राहिलंच. घरची माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळं-नारळ टांगायची, जुनी लाकडी चौकट वाळवीने गेली, नवीन करायची आहे. देवाची खोली तीन मीटर बाय अडीच. मेस्त विचारतो चौकट केवढी, कड्या किती. सासूबाई म्हणतात "नेहमीएवढी". नेहमीएवढी म्हणजे केवढी ते मेस्ताला कसं सांगू?

टेपवाला
१९ ऑगस्ट, रात्री ८.५५

जुनी चौकट फेकली नाही ना? फेकली असेल तर वाशांवर दोर घासल्याच्या खुणा असतील, त्या मोजा. नाहीतर मखराची रुंदी घ्या आणि दोन्ही बाजूंना वीतभर जास्त, म्हणजे लोंबणारं काही मूर्तीवर येणार नाही.

कुळागरातला
२० ऑगस्ट, सकाळी ५.४०

चौकट नंतर. आधी सांगा नारळाची पेंड (घोस) किती नारळांची बांधता? सोललेला नाही, अख्खा नारळ दीड-दोन किलोचा. दहाची पेंड असेल तर वीस किलोपर्यंत एकट्या कडीवर. वर सुपारीचे घोस, तवशी, चिबूड. वासा बघून घ्या, चौकट नवी आणि वासा जुना असं नको.

मोठंच_बरं
२० ऑगस्ट, सकाळी ८.१२

मी या वेळेला काही बोलत नाही.

प्रियोळची_परत
२० ऑगस्ट, रात्री ९.०५

दोराच्या खुणा सापडल्या! एक मीटर दहा बाय एक मीटर दहा, चार वाशांना. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या "मी काय वेगळं सांगत होते?" पेंड त्या बारा नारळांची म्हणतात, मी आठवर आणलीये, बोलणी चालू आहेत.

मडगावची_माई
२० ऑगस्ट, रात्री ९.११

बाराच बांध गं. वासा बदल.